म्हाताऱ्याला झोप लागेना

निकेश घरतच्या लग्नपत्रिकेत त्याच्या नावाखाली 'ॲनिमेशन दिग्दर्शक' असं छापायचं ठरलं होतं. प्रेसवाल्याने ते तीनदा विचारलं, कागदावर लिहून घेतलं आणि छापलं 'ॲनिमल दिग्दर्शक'. सगळ्या पत्रिका वाटून झाल्यावर चूक लक्षात आली. मांडवात एका लांबच्या मावशीने नवरदेवाला बाजूला घेतलं. म्हैस दोन दिवस वैरण खात नाही, जमलं तर बघून जा, म्हणाली. निकेश असा माणूस की हळद उतरल्यावर खरंच बघून आला. म्हैस दुसऱ्या दिवशी खायला लागली, आणि त्या गावात त्याचं नाव आजही त्याच कर्तबगारीसाठी घेतात.

दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर तीन फिल्म आहेत, चौथी अर्धी झालीय. तिन्ही एकापाठोपाठ एक लावल्या तर पेणहून निघालेली रिक्षा वडखळला पोचायच्या आत संपतात. तरी त्याची हकीकत लिहावी असं मला वाटतं, त्याचं कारण त्यातली तिसरी. त्या फिल्ममध्ये एका म्हाताऱ्याला झोप लागत नव्हती. म्हणजे फिल्ममध्ये लागायला हवी होती, पण निकेशला ती आणता येत नव्हती.

आमच्या पेणच्या खाडीकडच्या पट्ट्यात कारखाना म्हटलं की धुराडं आठवत नाही, गणपती आठवतो. पत्र्याची शेड, बांबूच्या मांडण्या, शाडूचा ओला वास, आणि श्रावणात पाय ठेवायला जागा नाही एवढ्या मूर्ती. निकेशचे वडील भागोजीकाका, त्यांचा कारखाना लहान, फक्त घरगुती गणपतींचा. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी तिचे डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. रंग कोणीही देईल, आखणीचा माणूस वेगळा. आमच्याकडच्या अकरा कारखान्यांची आखणी चाळीस वर्षं एकच माणूस करत आलाय. धर्माकाका.

धर्माकाका आषाढात येतात. काखेत चष्म्याची जुनी डबी, डबीत चष्मा नाही, चार ब्रश. डोळा आखताना ते श्वास घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी काही बोलायचं असेल तर एक डोळा संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे बोलून घ्यावं लागतं. आखणी न झालेल्या मूर्तीला आमच्याकडे 'झोपलेली' म्हणतात, झालेलीला 'उठलेली'. भागोजीकाका दारातून विचारतात, किती उठले? आतून उत्तर जातं, बावीस उठले, नऊ झोपलेत. नवं गिऱ्हाईक हे ऐकून दचकतं. आम्हाला मात्र हे शब्द इतके कानावरचे की ते आम्ही कधी ऐकलेच नाहीत. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

निकेशच्या हाताला रेघ आहे, हे धर्माकाकांनी तो सहावीत असतानाच ओळखलं. दोन श्रावण त्याला शेजारी बसवून शिकवलं. डोळ्याला सात हात लागतात. पहिला पांढरा. दुसरा कोपऱ्यातला गुलाबी. तिसरी वरची रेघ, चौथी खालची रेघ. पाचवं बुबुळ, सहावी काळी बाहुली. सातवा तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका, त्याला काका 'जीव' म्हणतात. घरात माणूस कुठल्याही कोपऱ्यात बसला तरी देव आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटलं पाहिजे, नाहीतर आखणी फुकट.

आठवीत असताना निकेशने गंमत केली. सोंड तुटून बाजूला काढलेल्या एका मूर्तीचा एक डोळा त्याने मिटलेला काढला. गणपती डोळा मारतोय. आम्ही चार पोरं पोट धरून हसलो. धर्माकाका हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ओल्या फडक्याने तो डोळा पुसला आणि म्हणाले, "मिटल्या डोल्याचा देव कुनाकं बगनार?" मग एक अख्खा श्रावण त्याच्या हाती ब्रश दिला नाही. त्यानंतर निकेशने मिटलेला डोळा काढलेला मी पाहिला नाही. कागदावर चेहरा काढायचा तरी टकमक बघणारा. शाळेच्या भिंतीवर त्याने काढलेला झोपाळू ससासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघायचा.

बारावीनंतर तो पनवेलला ॲनिमेशनच्या कोर्सला गेला. धर्माकाकांना वाटत होतं, आपल्यामागे हा अकरा कारखाने सांभाळेल. त्यांनी एवढंच म्हटलं की माऊस धरून याचा हात बिघडेल. तेव्हापासून ते निकेशला नावाने हाक मारीनासे झाले, 'फोटोवाला' म्हणू लागले. दुसऱ्या कोणाला शिकवायलाही घेतलं नाही.

कोर्स झाल्यावर निकेश वाशीच्या एका स्टुडिओत लागला. तिथे लहान मुलांची गाणी बनत: अस्वल दात घासतं, बस चाकं फिरवते, बटाटा नाचतो. निकेशची चाल चांगली, उडी चांगली, पण त्याचं प्रत्येक काम परत यायचं. वरचा माणूस लिहायचा, ब्लिंक नाही. पात्राने अधूनमधून पापणी लववायला हवी ना. निकेश विसरायचा. आठवण झाली की अर्धवट लववायचा. त्याचा बटाटा दीड मिनिटं नाचला आणि दीड मिनिटं कॅमेऱ्याकडे एकटक बघत राहिला. व्हिडिओखाली एका बाईने लिहिलं होतं, माझी मुलगी या बटाट्याला घाबरते, कृपया तो पडद्याआड न्यावा. त्या बटाट्यावरून आम्ही त्याला किती छळलं असेल, त्याला गणती नाही.

मग कोविड आला, स्टुडिओ बंद झाला, निकेश संगणक रिक्षात घालून घरी आला आणि पुन्हा साचे भरू लागला. त्याचं खरं करिअर इथून सुरू होतं, असं आता तोच सांगतो.

आमच्या धंद्यात एक फट आहे. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की कारखाना रिकामा होतो. माणसं भातकापणीला जातात. दिवाळीच्या पाडव्याला मातीची पूजा होऊन साचे पुन्हा निघतात. मधले चाळीस-पंचेचाळीस दिवस शेडमध्ये फक्त चिमण्या. निकेशने ती फट धरली. उरलेला शाडू, तारेचा सांगाडा, मोबाईल, दोन दिवे. बाहुली तीळभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा तीळभर. एका सेकंदाला बारा फोटो. पत्र्याच्या फटींतून ऊन येऊ नये म्हणून शेडला आतून ताडपत्री. पहिल्या वर्षी एका बगळ्याची फिल्म झाली, दुसऱ्या वर्षी मिठागरावरच्या कुत्र्याची. बगळा कुठेच निवडला गेला नाही. कुत्रा एका महोत्सवाने परत पाठवताना परीक्षकाचं एक वाक्य जोडलं होतं, की काम अत्यंत चिकाटीचं आहे, परंतु पात्र झोपेतही प्रेक्षकाकडे पाहत राहते, त्यामुळे अस्वस्थ वाटते. निकेशने ते वाक्य कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. शर्ट काढताना रोज दिसावं म्हणून.

तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालेलं होतं. बायको नूतन, उरणकडची. तिचा भाऊ कमलेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर. त्याने दाजींसाठी यार्डाच्या ऑफिसात जागा बघून ठेवली. पाडव्याला हजर व्हायचं. बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुटी फिरती, आणि चाळीस दिवसांची फट वगैरे काही नाही. "दाजी, माती काय, हॉबी म्हणून रविवारी करा ना. टेन्शन घेऊ नका, सब सेट है," असं कमलेश प्रेमाने म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. कारखान्यात भागोजीकाका आणि थोरला भाऊ पुरेसे होते, निकेशचा तिथे तसा जास्तीचा पाट. निकेशने हो म्हटलं. नूतनला एवढंच सांगितलं, की ही एक फिल्म मनासारखी होऊ दे. झाली नाही तर पाडव्याला जाईन आणि पुन्हा या मातीचं नाव काढणार नाही.

फिल्मचं नाव 'उघाडी'. खारबांधाला जे दार असतं ती उघाडी. ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला लावून घ्यायची, नाहीतर खाडी शेतात. निकेशचा आजा उघाडी सांभाळायचा. भरती काही माणसाची झोप बघून येत नाही, त्यामुळे आजा आयुष्यभर तुकड्यातुकड्याने झोपला. फिल्ममध्ये असाच एक म्हातारा आहे, लिंबाएवढ्या डोक्याचा. तो जेवता जेवता उठतो, लग्नातून उठतो, दार लावून येतो. शेवटी सरकार लोखंडी झडप बसवतं. ती पाण्याने आपोआप मिटते. म्हातारा दोन भरत्या तिच्यासमोर बसून खात्री करतो आणि मग बांधावर आडवा होऊन झोपतो. बस. एवढीच गोष्ट. पाण्याचा आवाज आणायला मला उघाडीवर बसवलं होतं. दोन चपला चिखलात गेल्या, त्या फिल्ममध्ये ऐकू येतात.

दसऱ्यापर्यंत सगळं झालं, झोप सोडून. निकेशने शाडूच्या पापण्या करून डोळ्यांवर बसवल्या. म्हातारा झोपला, पण मेल्यासारखा. नूतनने पाहिलं आणि विचारलं, "हे झोपलेत का गेले?" पापण्या पातळ केल्या, तरी गेले. ब्रशने मिटल्या डोळ्याची रेघ काढली, तर गेलेच, वर छान तयारी करून. भागोजीकाका भाताची पेंढी ठेवायला आत यायचे, टेबलाकडे बघून आपोआप हात जोडायचे. महोत्सवाला फिल्म पाठवायची शेवटची तारीख नरकचतुर्दशी, दुपारी बारा. आणि म्हाताऱ्याने आयुष्यात काही केलं नाही, तो फक्त जागा राहिला, आणि आता झोपायचं तर मरतोय. निकेशची दाढी वाढली. धनत्रयोदशीला आठ दिवस राहिले असताना त्याने कमलेशला फोन करून यार्डात बूट कुठले लागतात ते विचारलं.

त्याच दुपारी धर्माकाका आले. श्रावणात विसरलेला एक ब्रश शोधायला, असं म्हणाले. टेबलाकडे जायचं नाही हे ठरवून ते टेबलाच्या भोवतीने हिंडले. निकेशने नुकतंच जुनं डोकं मोडून नवं केलं होतं. रंग झाला होता, डोळे बाकी होते. काकांनी जाता जाता त्याच्याकडे एक नजर टाकली.

"आज झोपला वाट्टं म्हातारा," म्हणाले, आणि ब्रश न शोधताच गेले.

निकेश मला सांगतो, की तो पंधरा मिनिटं त्या डोक्यासमोर उभा होता. खरंच झोपला होता. नुसता कोरा उंचवटा, काही काढलेलं नाही, आणि म्हातारा गाढ. जन्मभर ज्या शेडमध्ये किती झोपले, किती उठले, हे ऐकत वाढला, त्या माणसाने झोप आणायला पापण्या केल्या. मिटलेला डोळा काढायचाच नव्हता. आखणी उलटी न्यायची होती. आधी ठिपका जाईल, मग बाहुली, मग बुबुळ, शेवटी कोरा.

पण त्यासाठी सात हात सरळ हवेत, एकावर एक, लिंबाएवढ्या डोक्यावर, केसभर न हलता. निकेशने स्वतः करून पाहिलं. हात बिघडला होता, काका खोटं बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो धर्माकाकांच्या घरी गेला आणि म्हणाला, की तुमची आखणी कोणी कधी टिपून ठेवलेली नाही. माझ्या म्हाताऱ्याचे डोळे आखा, मी प्रत्येक हाताला फोटो घेतो. यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त फोटो कुठल्या क्रमाने लावणार, ते सांगितलं नाही.

काका आले. धुतलेला सदरा घालून आले, यावरून काय ते समजा. पहिला हात, थांबा, फोटो. दुसरा हात, थांबा, फोटो. रंग चढत जाताना मधेमधेही फोटो. अख्खी दुपार दोघं एकमेकांशी दहा शब्द बोलले नसतील. सातव्या हाताला म्हातारा उठला आणि काकांकडे बघू लागला. काकांनी त्याला अंगठ्याने हनुवटीशी जरा वर केलं, जसं ते गणपतीला कधीच करत नाहीत.

दोन दिवसांत निकेशने शॉट जोडला. म्हातारा झोपला. नूतनने पाहिलं, या वेळी काही विचारलं नाही. मग तिने काकांनी काय म्हटलं ते विचारलं. त्यांना माहीत नाही, असं निकेश म्हणाला. नूतन तशी कमी बोलते. म्हणाली, "ज्या माणसाने जन्मभर उठवलं, त्याच्याच हाताने तुम्ही झोपवलंत. सांगितल्याशिवाय पाठवायचं नाही." निकेशने तारखेचं निमित्त काढलं. तिने त्याच्या संगणकाची वायर काढून स्वयंपाकघरात नेली.

त्याला भीती वाटत होती ती खरीच होती. काकांनी नाही म्हटलं असतं तर तो शॉट त्याने काढून टाकला असता, ते मला माहीत आहे. आणि तो शॉट गेला की फिल्म गेली, फिल्म गेली की पाडव्याला यार्ड. पिशवीत नवे बूट येऊन पडले होते.

धनत्रयोदशीच्या दुपारी ताडपत्रीच्या अंधारात पाच माणसं बसली. भागोजीकाका, धर्माकाका, नूतन, निकेश आणि मी. सहा मिनिटांची फिल्म. शेवटचा शॉट आला. म्हातारा बांधावर आडवा झाला, झडपेकडे बघत. डोळ्यातला ठिपका गेला. बाहुली विरली. मी पडद्याकडे न बघता धर्माकाकांकडे बघत होतो. ते श्वास घेत नव्हते.

फिल्म संपली. "परत दाव," म्हणाले. निकेशने शेवटचा शॉट पुन्हा लावला. "परत." तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "चुकला हाय."

निकेश बोलायला गेला, की काका, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. काकांनी हाताने थांबवलं.

"वरची रेग मी आदी कारतो. म्हनून तुजी खालची आदी गेली. झोपताना कंची पापनी हालतं रं? वरची ना? मंग खालची कशाला पुसलीस?" मग ब्रशची डबी चाचपत, "सांगाचा व्हता ना. मी खालची आदी कारली असती."

भागोजीकाका उगाच एक साचा उचलून खाली ठेवत होते. धर्माकाकांनी डबी उघडली.

"डोका आन म्हाताऱ्याचा."

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं आधी वरची रेघ आणि मग खालची काढली, तो त्या दिवशी आधी खालची काढायला बसला. आणि हात जाईना. ब्रश खाली टेकवायचा, तर हात आपोआप वर जायचा. दोनदा डोळा पुसावा लागला. तिसऱ्या वेळी काकांनी डोकंच उलटं बसवायला लावलं, हनुवटी वर, टाळू खाली, म्हणजे खालची रेघ वर आली आणि हात फसला. निकेश फोटो काढत होता, नूतन दिवा धरून होती. सातवा हात संपेस्तोवर बाहेर पोरांनी आकाशकंदील लावले होते.

ब्रश धुता धुता काकांनी विचारलं, ती गोदीतली नोकरी कधीपासून. पाडव्यापासून, निकेश म्हणाला. काकांनी मान हलवली. पाणी दोनदा बदललं. मग ब्रशकडे बघतच म्हणाले, "माजा उजवा डोला आता बारीक रेगंला साथ देत न्हाय. अकरा कारखाने हायत. आषाडापासून ये. गनपती गेले का मंग काय ती नाटका कर तुजी."

निकेशच्या आधी भागोजीकाकाच म्हणाले की त्याचा हात बिघडलाय ना. "बिगरलाय," काका म्हणाले, "सुदरल."

फिल्म नरकचतुर्दशीला सकाळी साडेअकराला गेली, आमच्या गावच्या नेटवर्कच्या मानाने वेळेआधीच. पाडव्याला कमलेशचा फोन आला. निकेश मातीच्या पूजेला बसला होता, म्हणून नूतनने घेतला. ती म्हणाली, "दादा, बूट तुलाच होतील बघ," आणि मग अर्धा तास आईची, भावजयीची चौकशी केली. कमलेश चिडला नाही. ते बूट तो अजून घालतो, त्याला एक नंबर मोठे होतात.

'उघाडी' पुढे दोन महोत्सवांत निवडली गेली. एका ठिकाणी कोणीतरी विचारलं, की डोळे मिटण्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरलं. निकेशने खरं सांगितलं, तर त्या माणसाला वाटलं 'धर्मा' हे काहीतरी नवीन निघालंय. त्याने स्पेलिंग विचारून घेतलं.

यंदाच्या श्रावणात मी भागोजीकाकांच्या शेडमध्ये गेलो होतो. निकेश आणि धर्माकाका समोरासमोर बसून आखत होते. बारीक रेघा निकेश, बुबुळं काका. मधेच काकांनी, सवयीने, एका लहान मूर्तीची रेघही स्वतःच ओढायला घेतली, आणि थांबले. बघितलं. खालची आधी काढली होती.

ओल्या फडक्याने पुसता पुसता त्यांनी निकेशच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

"काका," निकेश मान वर न करता म्हणाला, "हात बिघडला तुमचा."

दारातून भागोजीकाकांनी विचारलं, किती उठले. एक परत झोपला, निकेशने सांगितलं.